किनाऱ्याला तूर्त धोका नाही

आमच्या गल्लीत समुद्र पाहिलेला माणूस एकच होता, माझे वडील. लढाईच्या दिवसांत ते पलटणीत कारकून होते. जहाजाने गेले आणि जहाजानेच परत आले. पुढे आरमोरीला जंगलखात्याच्या लाकूड डेपोत त्यांना मोजणीचं काम मिळालं. सागाच्या ओंडक्याला फीत लावायची, घेर बघायचा, लांबी बघायची आणि वहीत लिहायचं, असं त्यांचं आयुष्य चाललं होतं. मोजल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे. आईने भात शिजला म्हटलं तरी ते एक शीत बोटांत दाबून पाहत.

लढाईवरून परतल्यावर त्यांनी आईला शब्द दिला होता, एकदा तुला समुद्र दाखवीन. आईचं माहेर एटापल्लीच्या बाजूला, चहूकडून जंगल. लग्न होईपर्यंत तिने वैनगंगासुद्धा पाहिली नव्हती. समुद्र म्हणजे काय हे तिला वडिलांनीच सांगितलं होतं आणि ते तिला पटलेलं नव्हतं. "पल्याडचा काठच दिसत नाई म्हंता? असं कसं होईल?" ती विचारायची. वडील म्हणायचे, "पाहशील तवा समजंल."

हा शब्द दहा-बारा वर्षं तसाच राहिला. पलटणीतला वडिलांचा एक दोस्त कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा बंदरात राहायचा. त्याचं घर वाळूला लागूनच होतं. दर दिवाळीला त्याचं पत्र यायचं, वहिनींना घेऊन एकदा ये. त्या वर्षी मी सातवीची परीक्षा दिली, वडिलांना उन्हाळ्यात रजा मंजूर झाली, आणि जायचं ठरलं. पावसाच्या तोंडावर कोकणची बोट बंद होते, म्हणून मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात निघायचं. आईने दोन महिने आधीच कापडी पिशव्या शिवून ठेवल्या.

नागपूरचं वर्तमानपत्र मोटारीने दुसऱ्या दिवशी दुपारी गावात यायचं. डेपोत सगळ्यांचं वाचून झालं की वडील ते घरी आणत आणि मी आईला मोठ्याने वाचून दाखवी. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी मी आतल्या पानावरची एक छोटी बातमी वाचली. तेल घेऊन जाणारं एक जहाज अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून फार दूर, फुटलं होतं. तेल पाण्यावर पसरत चाललं होतं. शेवटचं वाक्य होतं, किनाऱ्याला तूर्त धोका नाही.

"तेल?" आई म्हणाली. "मंग लोकं भरून काऊन नाई आनत?"

तिला वाटलं, जवसाचं किंवा तिळाचं तेल. वडिलांनी समजावलं, हे जमिनीतून निघतं, काळं असतं, घट्ट असतं, बैलबंडीच्या आसाला लावतो त्या वंगणासारखं. आईने तोंड वाकडं केलं आणि ती चुलीकडे गेली. पण वडील माझ्या हातातला कागद घेऊन तसेच बसले. त्यांचं बोट शेवटच्या वाक्यावर होतं.

"तूर्त म्हंजे काय?" त्यांनी मला विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही.

"म्हणजे सध्या," मी म्हटलं.

"सध्या म्हंजे किती दिवस?"

पुढचे आठ दिवस त्यांनी तोच प्रश्न भेटेल त्याला विचारला. डेपोतले लोक म्हणाले, एवढा मोठा समुद्र, त्यात एका जहाजाचं तेल म्हणजे काय, कुठल्या कुठे विरून जाईल. शाळेतले गुरुजी म्हणाले, तेल पाण्यात विरत नाही, तरंगतं, तेव्हा कुठेतरी लागणारच. पण कुठे ते सांगता येणार नाही. वर्तमानपत्रात पुन्हा एक अक्षर आलं नाही. वडिलांनी दोस्ताला पत्र टाकलं. त्याचं उत्तर यायला बारा-पंधरा दिवस लागत, आणि तोवर हात बांधून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

एका रविवारी सकाळी ते मला घेऊन वैनगंगेवर गेले. गावापासून नदी पायी जाण्याइतकी जवळ होती. तिथे एक म्हातारा ढिवर, म्हणजे नदीतला कोळी, डोंगा चालवायचा, लोकांना या काठावरून त्या काठाला न्यायचा. जन्म सगळा पाण्यात गेलेला, पण नागपूरही न पाहिलेला माणूस. वडील त्याच्याजवळ वाळूत बसले आणि त्यांनी त्याला जहाजाची सगळी गोष्ट सांगितली. म्हाताऱ्याने ती शांतपणे ऐकून घेतली, हसला नाही.

"बाबूजी, समुद्र मी पाह्यला नाई," तो म्हणाला. "पर तेल पान्यावर कसं चालते, ते पाहाले समुद्र कायले पायजे? तेल आना थोडं."

वडिलांनी आणलंच होतं. पिशवीतून त्यांनी मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाची बाटली काढली. आम्ही तिघं डोंग्यात बसलो. उन्हाळ्यामुळे पाणी उतरलेलं होतं, तरी मधल्या धारेला ओढ होती. म्हाताऱ्याने डोंगा धारेत नेऊन वल्हं रोवून थांबवला, आणि वडिलांनी बाटलीतलं तेल हळूहळू पाण्यावर सोडलं. मी धानाचा कोंडा बरोबर घेतला होता, तो वडिलांच्या सांगण्यावरून त्यात टाकला, म्हणजे लांबून दिसावं.

सुरुवातीला तेल धारेबरोबर खाली जायला लागलं. पसरलं, उन्हात रंग चमकले. मग मला दिसलं की ते नुसतं खाली जात नव्हतं, तिरपं जात होतं. वारा पश्चिमेकडून येत होता आणि तेल थोडं थोडं करत आरमोरीच्या काठाकडे सरकत होतं. आम्ही डोंग्यातून त्याच्या मागे मागे गेलो. बऱ्याच वेळाने ते काठाशी लागलं, आणि धार तिथून पुढे वाहत असताना वाळूला चिकटून राहिलं.

"पानी त्याले खाली नेऊन राह्यलं," म्हातारा म्हणाला, "अन् वारा बाजूनं ढकलून राह्यला. दोघायचं मिळून जिकडं होईल, तिकडं ते जाते. तुमच्या समुद्रात वारा कुठून येते या दिवसात?"

वडिलांनी नुसता हात पश्चिमेकडून काठाकडे फिरवला. उत्तर त्यांना येत होतं. पाऊस घेऊन येणारा वारा कुठून येतो हे शाळेतल्या मुलालाही पाठ असतं. समुद्राकडून जमिनीकडे.

"मंग येते," म्हातारा म्हणाला. "कवा येते ते नाई सांगू शकत. किती येते तेबी नाई. नदीचा काठ इथीच हाय, हात लांब केला का लागते. तुमचं जहाज कुठी दूर फुटलं. वाटेत काय काय होईल, कोन पाह्यलं?"

घरी येताना वडील रिकामी बाटली हातात धरून माझ्या पुढे पुढे चालत होते. मी तेरा वर्षांची होते, मला त्या सकाळची मजा वाटली होती; माणसाच्या मनाला काय लागलंय ते कळायचं वय नव्हतं. आज वाटतं, ते तेलाला घाबरत नव्हते. आयुष्यात बायकोला एकच मोठा शब्द दिलेला आणि तो खराब होऊन तिच्या हातात पडेल, याची त्यांना भीती होती.

मे उजाडता उजाडता दोस्ताचं पत्र आलं. त्याने लिहिलं होतं की आमच्या बाजूची वाळू अजून स्वच्छ आहे. पण खोल पाण्यात जाणारे कोळी सांगतात की तिकडे घासलेटासारखा वास येतो आणि पाण्यावर काळे पट्टे दिसतात. ते इकडे येतील की नाही, कोणी खात्रीने सांगत नाही. तू लांबून येणार, वहिनी पहिल्यांदाच येणार. पुढच्या वर्षी आलास तर मनाला बरं वाटेल. निर्णय तुझा.

वडिलांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "पुढल्या वर्षी जाऊ."

आई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. ती थांबली. माझ्या आईने वडिलांच्या बोलण्याला आडवं काही म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"पुढल्या वर्षी म्हंजे कवा?" तिने विचारलं. "दहा वर्सापासून पुढलंच वर्स हाय."

"अवो, काळं पानी पाहाले एवढ्या दूर जाशील का तू?"

"काळा असला तरी समुद्रच हाय नं तो?" आई म्हणाली. "मले कोनता त्यात धुनं धुवाचं हाय? मले पाहाचा हाय."

वडिलांनी उठून खुंटीवरची फीत काढली, ती गुंडाळून खिशात घातली आणि वडशाच्या गाडीची वेळ विचारायला निघून गेले. जायचं ठरलं, हे आम्हाला त्यावरूनच समजलं.

वडशाहून छोट्या गाडीने गोंदियाला, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला, आणि धक्क्यावरून बोटीने कोकणात. मुंबईच्या धक्क्यावर आईने समुद्र पहिल्यांदा पाहिला. बोटींच्या मधल्या फटीत गढूळ पाणी हलत होतं, त्यावर सालपटं, गवत आणि तेलाचा तवंग. आईने वाकून ते पाहिलं आणि मग वडिलांकडे पाहिलं. वडील घाईघाईने म्हणाले, "हा समुद्र नोहे. हे बंदर हाय. समुद्र पुढं हाय." बोट बाहेर पडून मोकळ्या पाण्याला लागेपर्यंत ते कठड्याशी तिच्या शेजारी उभे होते. जमीन मागे राहिली, आणि आईने डोक्यावरचा पदर सारखा करत सगळीकडे एकदा नजर फिरवली. "नाईच हाय की वो काठ," एवढंच ती म्हणाली.

दोस्ताचं घर खरोखर वाळूला लागून होतं. पहिले दोन दिवस वाळू पांढरी स्वच्छ होती. वडील सकाळी उठून आधी किनारा पाहून येत आणि मग चहा घेत. आई पाण्याजवळ जाऊन बसायची, लाट आली की पाय मागे घ्यायची, लाट गेली की पुढे करायची. चाळिशीची बाई, पण आपल्याला कोणी पाहतंय याची तिला शुद्ध नव्हती. वडिलांचा चेहरा त्या दोन दिवसांत जितका मोकळा पाहिला, तितका मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी वडील किनारा पाहायला गेले आणि लवकर परतले नाहीत. आई आणि मी त्यांना शोधत गेलो. भरतीने वाळूवर जी रेघ सोडली होती, त्या रेघेवर काळे गोळे पडले होते. काही बोरांएवढे, काही हाताच्या तळव्याएवढे चपटे. वाळू चिकटलेली, वर कडक, आत मऊ. वडील फीत हातात धरून उभे होते, पण मोजत नव्हते. आईच्या पायाखाली एक गोळा आला आणि टाच काळी झाली. वडील ते पाहून म्हणाले, "आलं."

जणू ते त्यांनीच आणलं होतं.

आई काही बोलणार तेवढ्यात खालच्या अंगाने बायकांचा आवाज आला. दोस्ताच्या शेजारी एक कोळ्याचं घर होतं. रात्रभर पाण्यात लावलेली त्यांची जाळी नुकतीच ओढून वाळूवर टाकली होती, आणि जाळीच्या दोऱ्यात जागोजागी तेच काळं घुसलेलं होतं. घरातली बाई जाळं ओरबाडत होती, तशी ते तिच्या हातांना आणि दुसऱ्या दोऱ्यांना लागत होतं. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. बाकीच्या बायका लांब उभ्या राहून हळहळत होत्या.

आई तरातरा घरात गेली आणि दोस्ताच्या बायकोला विचारून खोबऱ्याच्या तेलाचं भांडं आणि चुलीतली राख घेऊन आली. कोळिणीजवळ उकिडवी बसून तिने आधी स्वतःच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत तेल लावलं.

"बाई, हात द्या इकडं," ती म्हणाली.

कोळिणीला तिची बोली नीट समजली नसावी. "बाय, तुमचे हात खराब व्हतील," ती म्हणाली.

"माहे हात नाई खराब होत," आई म्हणाली. "आमच्याकडं बिबे फोडतो आमी."

हे मला तेव्हा आठवलं. आईच्या माहेरी उन्हाळ्यात जंगलातून बिबे आणून फोडायचे, आतली गोडंबी काढायची. बिब्याचा काळा चीक अंगाला लागला तर फोड येतात, आणि डाग महिनाभर जात नाही. म्हणून बाया आधी हात तेलाने माखून घेतात, मग बसतात. आई लहानपणापासून हे काम करत आली होती. तिने कोळिणीचे हात तेलाने चोळून राखेने पुसून काढले, पुन्हा तेल लावून दिलं, आणि मग दोघी जाळ्याला भिडल्या. घाई करायची नाही, ओढायचं नाही, एकेक गाठ तेलाच्या बोटांनी मऊ करायची आणि गोळा सोडवून घ्यायचा. बाकीच्या बायकाही हात माखून बसल्या. मीही बसले.

ते दोन दिवस चाललं. आईने त्या दोन दिवसांत समुद्राकडे फारसं पाहिलंसुद्धा नसेल; तिची पाठ पाण्याकडे होती. एक जाळं जवळजवळ सगळं वाचलं. दुसऱ्याचा बराच भाग कापून टाकावा लागला, आणि तिसऱ्याचं काहीच करता आलं नाही. ते पुरुषांनी लांब नेऊन जाळलं. काळा धूर निघाला तेव्हा कोळीण तोंड फिरवून बसली. आई तिच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ तशीच होती. दोघींना एकमेकींचं निम्मंच बोलणं समजत होतं.

वडील पहिल्या दिवशी दुपारपर्यंत लांबूनच पाहत होते. मग आले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि आईपुढे हात केले. आईने त्यांच्या हातांना तेल लावून दिलं. असं भरदिवसा, लोकांसमोर, तिने त्यांना शिवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ते खाली बसून काम करायला लागले आणि थोड्या वेळाने हलकेच म्हणाले, "तुले दाखवाचं होतं वेगळं काही."

आईने मान वर केली नाही. "मी इथी पाह्यलं नसतं," ती म्हणाली, "तर मले कसं समजलं असतं का समुद्रावर मानसं राह्यतात?"

निघण्याच्या आदल्या दिवशी वडिलांनी कोळ्यांना विचारलं, हे त्या फुटलेल्या जहाजाचंच तेल असेल का. कोणी हो म्हणालं, कोणी नाही. एक जण म्हणाला, जाणारी-येणारी जहाजंही टाक्या धुऊन घाण समुद्रात सोडतात, तीच आली असेल. काळ्या गोळ्यावर कोणाचं नाव थोडंच लिहिलेलं असतं? वडिलांनी दोस्ताला पुन्हा पुन्हा विचारलं, पण याहून जास्त कोणालाच माहीत नव्हतं. मोजणाऱ्या माणसाला न मोजता परत यावं लागलं. गाडीत मला वाटलं ते खिन्न आहेत, पण तसं नव्हतं. मग मला म्हणाले, "दूर काही फुटलं, तर ते आपल्याले लागलं का नाई, एवढंच मी विचारून राह्यलो होतो. ज्यायले आधी लागते, त्यायचं मी विचारलंच नाई."

गावी आल्यावर ते नदीवर गेले आणि म्हाताऱ्या ढिवराला सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने आपलं अनुमान खरं ठरल्याचा आनंद दाखवला नाही. जाळ्यांबद्दल मात्र खोदून खोदून विचारलं, दोरा कशाचा होता, गाठी केवढ्या होत्या, जळालेलं किती हात होतं. शेवटी म्हणाला, "एक जाळं विनाले आमाले अख्खा पावसाळा लागते, बाबूजी."

मी सातवी पास झाले आणि पुढे शिकायला ब्रह्मपुरीला गेले. गल्लीतल्या बाया आईला विचारायच्या, समुद्र कसा असते वो? आई सांगायची तेव्हा पाण्याबद्दल दोन वाक्यं असत आणि त्या कोळिणीबद्दल वीस. तिला किती मुलं, तिच्या घरात चूल कुठे, ती भाकरी कशी थापते, तिची सासू कशी कटकटी आहे. ऐकणाऱ्या बायांचा हिरमोड व्हायचा, पण आईला दुसरं सांगताच येत नसे.

पुढच्या हिवाळ्यात आरमोरीच्या टपालघरातून निरोप आला, तुमचं पार्सल लवकर घेऊन जा. गोणपाटात शिवलेलं गाठोडं होतं, आणि टपालबाबूंनी ते टपालघराच्या बाहेर, कडुनिंबाखाली ठेवलं होतं. आत ठेवणं त्यांना अशक्य झालं होतं. त्यात सुके बोंबील होते आणि दोस्ताच्या हस्ताक्षरात चार ओळी. कोळीण सांगत होती की नवं जाळं पुरं झालं, आणि पहिल्या मासळीतले हे तुमच्या वाट्याचे. आईने ते गाठोडं डोक्यावर घेऊन भर बाजारातून घरी आणलं. लोक नाकाला पदर आणि धोतराचा सोगा लावून बाजूला होत होते. ती मात्र सगळ्यांना सांगत चालली होती, माह्या मैत्रिणीनं धाडले, कोकणातल्या.